कुराबिनचा निरोप्या

मंगळवार, ३० ऑगस्ट २०११

शनिवारी टॅलॉकशी उपांत्य सामना. कोच म्हणून माझा अकरावा.

खरं तर मी कोच नाही. मी निवृत्त गणित शिक्षिका आहे आणि एकतीस वर्षं कुराबिन फुटबॉल क्लबचे आकडे ठेवते. कुणी किती वेळा चेंडू मिळवला, किती वेळा घालवला, कुठल्या पायाने. हा आमचा ऑस्ट्रेलियन फुटबॉल: चेंडू हाताने झेलायचा, पायाने मारायचा, गोलचे सहा गुण, जरा बाजूने गेला तर एक. जूनमध्ये आमच्या कोचला पश्चिमेकडच्या खाणीत नोकरी लागली आणि तो गेला. समितीने सात जणांना विचारलं. सातही जणांना शनिवारी नेमकं काम होतं. मग क्लबचा अध्यक्ष मर्डो क्विल आपल्या मटणाच्या दुकानातला रक्ताळलेला एप्रन तसाच घालून माझ्या दारात आला आणि म्हणाला, "बाई, तुम्हाला तसंही सगळे घाबरतात."

संघातल्या बावीसपैकी एकोणीस जणांना मी शाळेत शिकवलंय. त्यातल्या चौघांना गणित आलं.

दहापैकी आठ सामने जिंकलो. तक्त्यात दुसरे आहोत. कुराबिनने शेवटचा चषक चौऱ्याऐंशी साली जिंकला. माझा नवरा ऍल्विन त्या संघात मागच्या फळीत होता. त्यानंतर नाही.

गावाला मात्र सध्या चषकापेक्षा दुसऱ्याच आकड्याची पडली आहे. गार्नेट हॉस्किंग, वय बेचाळीस, धंदा शेतांना कुंपणं घालायचा, पंचवीस वर्षं आमच्यासाठी गोलखांबांसमोर, गोल करायच्या जागी खेळतोय. क्लबसाठी त्याचे ११९६ गोल झालेत. या भागात इतके कुणाचेच नाहीत. आणखी चार झाले की बाराशे. मर्डोने बाराशेचा फलक रंगवूनसुद्धा घेतला आहे आणि शेडमागे ताडपत्रीखाली लपवला आहे. ताडपत्रीखाली काय आहे ते सगळ्या गावाला ठाऊक आहे, गार्नेट धरून.

शनिवार, ३ सप्टेंबर

हरलो. टॅलॉक ८८, आम्ही ६५. टॅलॉक थेट अंतिम सामन्यात. आम्ही दुसरे होतो म्हणून आणखी एक संधी आहे, पुढच्या शनिवारी डूनबारशी. ती जिंकलो तर अंतिम सामन्यात पुन्हा टॅलॉकच.

गार्नेटचा एकही गोल नाही. तिसऱ्या सत्रात चेंडू उंच उडून त्याच्याकडे आला, वाऱ्यात थांबल्यासारखा. तसा चेंडू तो समोरच्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून वरच्या वर झेलायचा. त्यासाठीच लोक यायचे. आज तो उडालाच नाही. बस थांबवतात तसा हात वर करून उभा राहिला. चेंडू मागे गेला.

मध्यंतरात मर्डोने पोरांना सत्तर सालचा मेलबर्नचा अंतिम सामना सांगितला. चव्वेचाळीस गुणांनी मागे पडलेला संघ शेवटी कसा जिंकला, तो. दर मध्यंतरात तो हेच सांगतो. जुलैत आम्ही तीस गुणांनी पुढे होतो तेव्हाही सांगितला होता.

सोमवार, ५ सप्टेंबर

आकडे केले. शनिवारी गार्नेटकडे एकोणीस वेळा चेंडू मारला गेला. दोनदा त्याच्या हातात राहिला. गेले सहा सामने हेच चाललंय. बेरीज तीनदा केली. मी बेरीज तीनदा करत नाही.

दुपारी चारच्या सुमारास गार्नेट शिडी परत द्यायला आला. मार्चमध्ये नेली होती.

"शनिवारचे आकडे झाले का, बाई?"

"झाले."

"माझे?"

"सगळ्यांचेच."

"वाईट असतील."

"आकडे वाईट नसतात. आकडे असतात."

"बरं," तो म्हणाला. टोपी काढून पुन्हा घातली. "मग ते काय म्हणतात तसंच करा. कुणाच्या तोंडाकडे बघू नका."

मी म्हटलं, मी कधीच बघत नाही. त्याने मान हलवली आणि व्हरांड्याच्या तीन पायऱ्या उतरला. कठडा धरून, एक पाय खाली, मग दुसरा त्याच पायरीवर, मग पुढची पायरी. या माणसाला कधी घाईच नसते. मैदानावरही त्याचा हाच दोष आहे.

गुरुवार, ८ सप्टेंबर

सरावानंतर समितीची बैठक. मी संघाची यादी वाचली. गार्नेटच्या जागी बेड लॅनियन. वय एकोणीस, ट्रॅक्टर दुरुस्तीच्या गॅरेजात शिकाऊ, शिडीशिवाय बल्ब बदलू शकेल इतका उंच.

मग मर्डो म्हणाला, "बाई, फलक रंगवून झालाय."

"रंग पक्का आहे ना? मग टिकेल."

"चारच गोल उरलेत. चार."

"तुम्हाला चषक हवाय की बाराशे?"

"दोन्ही."

"दोन्हीची शक्यता अकरा टक्के आहे."

अकरा कसे काढले ते कुणी विचारलं नाही. बरं झालं.

गार्नेटला मीच जाऊन सांगितलं. तो गोलखांबाला टेकून बूट सोडत होता. मी म्हटलं, शनिवारी तुझ्या जागी बेड खेळेल. तो म्हणाला, "बरं."

"तुला काही म्हणायचं नाही?"

"बेडला डाव्या पायाने मारायला लावू नका. तेवढंच." मग दुसरा बूट सोडत म्हणाला, "तुमचा निरोप्या कोण आहे?"

सामना चालू असताना कोचला मैदानात जाता येत नाही. सांगायचं ते निरोप्या पळत जाऊन खेळाडूच्या कानात सांगतो आणि परत येतो. आमच्या निरोप्याची शनिवारी पोटरी धरली, तेव्हापासून कुणीच नाही.

"मग मी होतो," गार्नेट म्हणाला.

मला वाटलं होतं तो बूट फेकेल. उलट शीळ घालत गाडीकडे गेला. माणसं धक्का पचवताना विचित्र वागतात.

शुक्रवार, ९ सप्टेंबर

सकाळी इल्मा आली. इल्मा हॉस्किंग, गार्नेटची आई, क्लबचं कँटीन चालवते. सत्तावीस वर्षं आम्ही दर बुधवारी पत्ते खेळतो. ऍल्विन गेला तेव्हा ती नऊ दिवस माझ्याकडे राहिली आणि एकदाही धीर धर म्हणाली नाही.

ती बसली नाही.

"चार गोल, ऊना."

"माहीत आहे मला."

"अर्धा तास उभा केला असतास तरी चाललं असतं."

"अर्ध्या तासात चार गोल व्हायची शक्यता—"

"शक्यता सांगू नकोस मला."

मी सांगितली नाही. तिच्या फ्रिजवर एक वही टांगलेली असते. त्यात गार्नेटचा प्रत्येक गोल आहे, तारीख, समोरचा संघ, पाऊस होता की नाही. रकाने मीच आखून दिले होते, तो सतरा वर्षांचा होता तेव्हा.

तिने माझ्या ओट्यावरचा तिचा केकचा डबा उचलला. त्यात अर्धा केक होता. तो ताटलीत काढून ठेवला, डबा पुसला आणि म्हणाली, "बुधवारी येऊ नकोस." मग गेली.

केक खाल्ला नाही. मग संध्याकाळी खाल्ला.

शनिवार, १० सप्टेंबर

जिंकलो. आम्ही ८१, डूनबार ६७. बेडचे चार गोल. अंतिम सामन्यात आहोत.

सविस्तर लिहिते, कारण आज माझी पद्धत पहिल्यांदा नीट चालली.

गार्नेट पिवळा शर्ट घालून माझ्या बाकाशेजारी उभा होता. निरोप्या पळतो असं म्हणतात. गार्नेट लगबगीने चालतो. नियमात वेगाबद्दल काही नाही. दुसऱ्या सत्रात मी कोरिन टेहॅनला, म्हणजे आमच्या कर्णधाराला निरोप पाठवला की डूनबारचे चौसष्ट टक्के चेंडू उजव्या कडेने येताहेत, तिकडे सरक. गार्नेट त्याच्याशी बरंच बोलला आणि दोघंही हसले. टक्केवारीत हसण्यासारखं काय असतं मला कळलं नाही. मग कोरिन डावीकडे गेला. आठवीतही त्याला डावं-उजवं कळत नसे. पण पुढचे दोन्ही चेंडू नेमके डावीकडून आले आणि दोन्ही त्याला मिळाले. नशीब.

बेडला निरोप पाठवला की तू अर्धा सेकंद लवकर उडतोस, तर अर्धा सेकंद थांब. त्यानंतर त्याने सहा चेंडू झेलले. त्याआधी एक.

गार्नेट परत आल्यावर दर वेळी विचारलं, नीट सांगितलंस ना? दर वेळी म्हणाला, "समजलं त्यांना, बाई."

मंगळवार, १३ सप्टेंबर

सरावाला गेले तर पोरं आपणहून माझ्याभोवती गोलाकार बसली. वर्गातसुद्धा असं कधी झालं नव्हतं. मी आकृत्या दाखवल्या. कुणी काही विचारलं नाही, म्हणजे समजलं असणार.

गावात मात्र थंडी आहे. पोस्टातल्या बाईने पाकीट माझ्याकडे एका बोटाने सरकवलं. मर्डोने चॉप्स बांधून दिल्या, पण दुकानात माझ्याशी हवेबद्दलच बोलला. शेवटी न राहवून म्हणाला की इल्माने घराच्या मागच्या पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडे बसवून घेतले. या आठवड्यातच, घाईघाईने, गार्नेट कामावर असताना. मला आश्चर्य वाटलं. अडुसष्टाची आहे, पण पायऱ्या शेळीसारख्या चढते. वयाची भीती अचानक वाटते कुणाकुणाला.

बुधवार, १४ सप्टेंबर

पत्ते नाहीत. एकटीने खेळायचा डाव असतो तो मांडला. जिंकले.

शनिवार, १७ सप्टेंबर

अंतिम सामना. टॅलॉक ६८, आम्ही ६८.

चार मिनिटं उरली तेव्हा आम्ही सात गुणांनी मागे. कोरिनने साठ मीटरवरून मारला, चेंडू टप्पा पडून आत गेला. सहा गुण. एकाने मागे. गार्नेटला बेडकडे पाठवलं, सांगितलं की घाई नको, अर्धा सेकंद, लक्षात ठेव. गार्नेट गेला, बेडच्या पाठीवर हात ठेवून दोन शब्द बोलला, परत आला. आणि शेवटच्या चेंडूला बेड टॅलॉकच्या गड्याच्या खांद्यांच्याही वर गेला. इतक्या वर या मैदानावर मी फक्त एकालाच जाताना पाहिलं आहे, आणि तो माझ्या शेजारी पिवळ्या शर्टात उभा होता. बेडने चेंडू छातीशी धरला. तो खाली यायच्या आत भोंगा झाला.

भोंग्यानंतरही झेलणाऱ्याला एकदा चेंडू मारायला मिळतो. पस्तीस मीटर, किंचित तिरकस. गोल झाला तर पाचाने जिंकलो. बेडने उजव्या पायाने मारला. चेंडू गोलखांबाला लागला. खांबाला लागला की एकच गुण.

मग काय करायचं ते कुणालाच कळेना. टॅलॉकची पोरं आनंद करायला लागली आणि गुणफलक पाहून थांबली. आमची रडायला लागली, तीही थांबली. मर्डोने जिंकल्याचं भाषण उजव्या खिशात आणि हरल्याचं डाव्या खिशात ठेवलं होतं. तो दोन्ही खिशांत हात घालून उभा राहिला. दोन्ही गावांची माणसं मैदानात उतरली आणि नातेवाइकांना भेटून परत गेली. लीगच्या सचिवाने चषक आपल्या गाडीच्या डिकीत ठेवून कुलूप लावलं.

मागच्या वर्षी मेलबर्नला मोठा अंतिम सामना असाच बरोबरीत सुटला आणि पुढच्या शनिवारी पुन्हा खेळवला. आमच्या लीगचाही तोच नियम निघाला. सचिवाला तो पुस्तकात शोधायला वीस मिनिटं लागली.

गार्नेट म्हणाला, "हरलो नाही हे पोरांना कसं सांगायचं, बाई?"

मी म्हटलं, फरक शून्य आहे असं सांग.

तो गेला आणि पोरं हसताना दिसली.

मंगळवार, २० सप्टेंबर

सरावानंतर बेड माझ्याकडे आला. म्हणाला, "सॉरी बाई, खांबाला लागला."

मी म्हटलं, तुझी झेप उत्तम होती, अर्ध्या सेकंदाचं तू नीट लक्षात ठेवलंस.

"कुठला अर्धा सेकंद?"

"मी निरोप पाठवला होता तो."

तो गोंधळला. "तुमचा निरोप लिंबांचा होता ना? आजीच्या कुंपणावरून शेजारची लिंबं काढतात तसं, हात पोचतील असं वाटल्यावरच उडायचं, त्याआधी नाही. मला एकदम कळलं ते. आमच्या शेजारी झाड आहे."

मी आयुष्यात कुणाला लिंबांबद्दल काही सांगितलेलं नाही.

कोरिनला विचारलं. त्याला चौसष्ट टक्के माहीत नाहीत. आणखी अकरा जणांना विचारलं. एकालाही माझा एकही निरोप माहीत नाही. सगळ्यांना मी सांगितलेल्या भलत्याच गोष्टी पाठ आहेत. त्यातल्या काही चांगल्या आहेत.

बुधवार, २१ सप्टेंबर

गार्नेट कुठे काम करतोय ते विचारून तिकडे गाडी नेली. गावापासून तीस किलोमीटर, दोन्ही बाजूंना कॅनोलाची, मोहरीसारखी पिवळी धमक शेतं. तो तार ओढत होता.

"गार्नेट, माझे निरोप तू बदलतोस."

तार ताणून, गाठ मारून झाल्यावर तो म्हणाला, "हो."

"कुठले?"

त्याने विचार केला. "सगळे."

मग तोच म्हणाला, "तुमचं चुकत नाही, बाई. पण चौथ्या सत्रात माणसाच्या कानात रक्त वाजत असतं. त्याला चौसष्ट टक्के म्हटलं की तो उरलेल्या छत्तीस टक्क्यांची काळजी करत बसतो."

"कोरिनला मी उजवीकडे पाठवलं होतं."

"तो दमला होता. मी म्हटलं, बाई म्हणताहेत थोडा वेळ हवं तिथे खेळ. डावीकडे त्याची बायको उभी होती, म्हणून तिकडे गेला."

"म्हणजे मी काढलं त्याचा सूड घेतोयस."

"सूड?" त्याने हातातली पक्कड खाली ठेवली. पहिल्यांदाच मला तो वर्गातला वाटला, उत्तर येत असून हात वर न करणारा. "गुडघ्यात काही उरलेलं नाही, बाई. डॉक्टरने मे महिन्यात सांगितलं. चालायला हरकत नाही, पण दोन्ही पाय एकदम जमिनीवरून उचलायचे नाहीत."

"मग खेळत का राहिलास?"

"फ्रिजवर वही आहे ना. मी सोडतो म्हटलं असतं तर आईने का विचारलं असतं. मग गुडघा सांगावा लागला असता. मग तिने म्हटलं असतं, माझ्या वहीतल्या चार गोलांसाठी पोराने पाय घालवला. तुम्ही काढलंत, प्रश्नच मिटला."

"म्हणजे त्या दिवशी शिडी..."

"शिडी द्यायचीच होती." मग म्हणाला, "तिला सांगू नका."

मी कबूल केलं. निरोपांचंही ठरवलं. मी सांगायचं ते सांगत राहीन, तू काय सांगतोस ते मला कळवू नकोस.

घरी आल्यावर लक्षात आलं की तीस किलोमीटर मी दुसऱ्या गिअरमध्ये आले.

गुरुवार, २२ सप्टेंबर

समिती. मर्डोचं म्हणणं, सामना पुन्हा होतोय ही देवाने दिलेली संधी आहे, गार्नेटला घ्या, हजारभर लोक जास्त येतील. मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, निदान कारण तरी सांगा. मी म्हटलं, माझी मर्जी. एकतीस वर्षांत मी हे कारण कधीच दिलं नव्हतं. फार सोपं असतं.

नंतर कँटीनमध्ये चहा घ्यायला गेले. इल्मा एकटीच होती. एक वाक्य बोलले असते तर सगळं मिटलं असतं. ते वाक्य तोंडात तयार होतं, कर्ता, कर्म, क्रियापद सगळं.

तिने कप पुढे ठेवला. अनोळखी गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "आणखी काही?"

मी म्हटलं, "साखर."

शनिवार, २४ सप्टेंबर

आम्ही ७९, टॅलॉक ७५. चषक कुराबिनचा.

शेवट असा झाला. दोन मिनिटं उरली, आम्ही तीन गुणांनी मागे. बेडचा चेंडू बाजूने गेला, एक गुण. दोनाने मागे. अशा वेळी समोरचा मागचा गडी गोलपासून चेंडू मारून खेळ सुरू करतो. तो चेंडू लगेच हिसकावता आला तर गोल समोरच असतो. टॅलॉकच्या त्या गड्याचे माझ्याकडे या मोसमाचे आकडे होते. मी गार्नेटला म्हटलं, "वीसपैकी सतरा वेळा तो डावीकडे मारतो."

गार्नेटने माझ्याकडे पाहिलं. "हे जसंच्या तसं सांगतो," म्हणाला आणि निघाला. आज मात्र खरंच पळाला. मला ते बघवेना.

त्याने बेडला गाठलं, शेजारच्या दोघांना सांगितलं. तिघंही डावीकडे सरकले. कोरिन लांब होता, त्याच्यापर्यंत निरोप पोचलाच नाही. तो होता तिथेच उजवीकडे, बूट सैल झाला म्हणून वाकून उभा. टॅलॉकच्या गड्याने आमचे तिघे डावीकडे पाहिले आणि उजवीकडे मारला. चेंडू कोरिनच्या पोटात बसला. त्याने एक बूट सुटलेला असताना दुसऱ्या पायाने गोल केला.

वीसपैकी तीन वेळा तो उजवीकडे मारतो. ही त्यातली एक. आकडे चुकले नाहीत.

भोंगा झाल्यावर माणसं कुंपणावरून उड्या टाकून आत आली. बेड पंचाच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता. पंच त्याच्या पाठीवर थोपटत होता आणि आजूबाजूला पाहत होता. मर्डोने उजव्या खिशातलं भाषण काढलं आणि त्याला चष्मा सापडेना. ऍल्विन असता तर कोपऱ्यात उभा राहून म्हणाला असता, ठीक खेळले. मी तसं म्हटलं, कुणी ऐकलं नाही.

पोरांनी बेडला खांद्यावर घेतलं, मग गार्नेटला, पिवळ्या शर्टासकट. मैदानाला पूर्ण चक्कर मारली. लोक बाराशेच्या नावाने ओरडले नाहीत, त्याच्या नावाने ओरडले. खाली उतरवायची वेळ आली तेव्हा मी जाऊन चौघांना सांगितलं, दोन्ही बाजूंनी धरा आणि सावकाश ठेवा. कुणी कारण विचारलं नाही. अजूनही घाबरतात.

रविवार, २५ सप्टेंबर

सकाळी क्लबची खोली आवरायला गेले. इल्मा आधीच आली होती, पाई गरम करायची पेटी घासत होती. मी दुसरा ब्रश घेतला आणि दुसऱ्या बाजूने घासायला लागले.

"चौघे," ती म्हणाली.

"काय?"

"त्याला उतरवायला चौघे लावलेस. बेडला दोघांनीच उतरवलं, आणि बेड जास्त जड आहे."

मी कबूल केलं होतं, म्हणून घासत राहिले.

"मला ठाऊक आहे गं," इल्मा म्हणाली. "मे महिन्यापासून. सकाळी तो मागच्या पायऱ्या उतरायला लागला की मी रेडिओ मोठा करते. त्याला वाटावं, आईला ऐकू जात नाही."

"मग माझ्यावर कशाला चिडलीस?"

"घरी येऊन म्हणाला, बाईंनी काढलं मला. इतका हलका झाला होता, ऊना. मी रागावले नसते तर त्याला लगेच कळलं असतं की मला सगळं माहीत आहे. म्हणून रागावले. आणि एकदा सुरू केल्यावर मध्येच कसं थांबवायचं ते कळेना."

"मला सांगायचंस."

"तुझ्या तोंडावर दिसलं असतं. तुला खोटं येत नाही."

हे खरं आहे. मी विचारलं, त्याला सांगणार आहेस का? नाही म्हणाली. तू? मीही नाही म्हटलं. मग पेटीच्या कोपऱ्यातलं जळकं खरवडत मी म्हटलं की ती माझ्याशी सोळा दिवस बोलली नाही.

"सतरा."

"नऊ तारखेपासून आजपर्यंत सोळा होतात."

"पहिला दिवस धर की."

"पहिला दिवस धरत नाहीत."

"मी धरते. मला तोच सगळ्यात मोठा गेला."

पेटी स्वच्छ होईपर्यंत यावर वाद चालला. गणिताच्या दृष्टीने तिचं साफ चूक आहे आणि मी ते दोन प्रकारे सिद्ध करून दाखवलं. तिने ऐकून घेतलं, ब्रश धुतला, म्हणाली, "बुधवारी ये."

सतरा दिवस.